लॅपटॉपसोबत आलेल्या प्रोग्रॅममधील सुरक्षा-त्रुटी आणि ग्राहकाचा हक्क

साताऱ्यात एकट्याने करसल्ल्याचे काम करणाऱ्या एका वाचकभगिनींनी पुढील अडचण कळवली आहे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी स्थानिक दुकानातून स्वतःच्या नावे लॅपटॉप घेतला. ड्रायव्हर आणि अपडेट सांभाळणारा, उत्पादक कंपनीचाच एक प्रोग्रॅम त्यात आधीपासून होता. या प्रोग्रॅममधील त्रुटीचा फायदा घेऊन साध्या खात्यातून शिरलेला घातक प्रोग्रॅम संपूर्ण संगणकाचा ताबा घेऊ शकतो, असे कंपनीनेच आता जाहीर केले असून सुधारित आवृत्तीही काढली आहे. मात्र यांच्या लॅपटॉपवर ती बसतच नाही, दर वेळी मध्येच अडते. सर्व्हिस सेंटरचे म्हणणे असे की एक वर्षाची वॉरंटी संपली, पैसे भरा, आम्ही विंडोज नव्याने टाकून देऊ, डेटाची हमी मात्र नाही. दुकानदाराने तर सांगितले की प्रोग्रॅम स्वतः काढलात, तर हार्डवेअरसाठी घेतलेली वाढीव वॉरंटीही जाईल.

आपण दाद कोणाकडे मागावी असे विचारले आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट तातडीची आहे. अशिलांचे प्राप्तिकर पोर्टलचे पासवर्ड आणि बँक खात्यांचे तपशील एका एक्सेल फाइलमध्ये याच लॅपटॉपवर आहेत, असे आपण लिहिले आहे. ती फाइल आजच तेथून हलवा, पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित संगणकावरून बदला आणि दुरुस्ती होईपर्यंत या लॅपटॉपवर अशिलांचे काम करू नका. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत यंत्र जसेच्या तसे ठेवावे लागेल, असा काहींचा समज असतो. तो चुकीचा आहे. दुरुस्ती करून घेण्याने आपला हक्क बुडत नाही. पुरावा न राखता दुरुस्ती केली, तर मात्र तो सिद्ध करणे अवघड जाते.

म्हणून प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी त्याचे नाव व आवृत्ती, अपडेट अडते तेव्हा येणारा संदेश, लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि कंपनीची सूचना तिच्यातील सीव्हीई क्रमांकासह (जाहीर झालेल्या प्रत्येक सुरक्षा-त्रुटीला मिळणारा ओळख-क्रमांक), या सर्वांचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात द्यायच्या असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३(४)नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या जाणकारालाच आधी नोंदी पाहू द्या आणि त्याच्याकडून लेखी टिपण घ्या.

नुसता प्रोग्रॅम काढला की काम झाले, असेही समजू नका. सप्टेंबर २०१४पासून विकल्या गेलेल्या लेनोव्होच्या काही लॅपटॉपांमध्ये सुपरफिश कंपनीचा जाहिराती दाखवणारा प्रोग्रॅम होता. त्याने संगणकांत बसवलेले रूट सर्टिफिकेट (कोणते संकेतस्थळ खरे मानायचे हे संगणक ज्यावरून ठरवतो ते मूळ प्रमाणपत्र) आणि त्याची खासगी किल्ली, म्हणजे त्या प्रमाणपत्राच्या नावे सही करण्याचा गुप्त संकेत, सर्वत्र एकच होती. फेब्रुवारी २०१५मध्ये त्या किल्लीचा पासवर्ड उघड झाला, तेव्हा त्याच नेटवर्कवरील हल्लेखोराला बँकेच्या संकेतस्थळाचे सोंग घेणे शक्य झाले. आणि प्रोग्रॅम काढला तरी सर्टिफिकेट मागे राहत असे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेलच्या संगणकांतील ‘ईडेलरूट’ सर्टिफिकेट हटवले, तरी डेलच्याच प्रोग्रॅमची एक साहाय्यक फाइल (डीएलएल) ते पुन्हा बसवत असल्याचे आढळले. त्यामुळे आपल्या मागणीत ‘त्रुटी व तिच्या सर्व अवशेषांचे निराकरण’ असे शब्द असले पाहिजेत. सप्टेंबर २०१७मध्ये लेनोव्होने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी आणि ३२ राज्यांशी तडजोड केली. त्यात राज्यांना ३५ लाख डॉलर आणि आधीपासून बसवलेल्या सॉफ्टवेअरसाठी २० वर्षे सुरक्षा-व्यवस्था राखण्याची अट होती. आपल्याकडील ग्राहक आयोगावर ही तडजोड बंधनकारक नाही. तरीही आत घालून विकलेल्या प्रोग्रॅमची जबाबदारी उत्पादकाला झटकता येत नाही, हे दाखवण्यासाठी ती मांडता येईल.

दुकानदाराच्या तोंडी इशाऱ्याला माझ्या मते कायद्याचा आधार नाही. वॉरंटी हा करार आहे आणि त्याच्या अटी कार्डावर छापलेल्या असतात. कंपनीचा एखादा प्रोग्रॅम काढल्यास हार्डवेअरची वॉरंटी संपेल अशी स्पष्ट अट तेथे नसेल, तर विक्रेत्याला ती मागाहून घालता येत नाही. कार्ड मात्र एकदा नीट वाचा आणि दुकानदाराला त्याचे म्हणणे लेखी देण्यास सांगा. बहुधा तो देणार नाही, आणि तेही आपल्या नोंदीत राहू द्या.

आता मुख्य प्रश्न. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९च्या कलम २(७)नुसार व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेईल. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू या अपवादातून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५मध्ये याचा ऊहापोह करताना टाइपरायटरचेच उदाहरण घेतले होते: दुसऱ्यांचे टंकन करून देण्यासाठी यंत्र घेणारा मनुष्य ते स्वतः चालवून पोट भरत असेल, तर तो ग्राहकच राहतो. आपला लॅपटॉप याच जागी बसतो. बिल आपल्या नावे आहे, हे उत्तम; कार्यालयात पगारी माणसे ठेवून त्यांच्यासाठी पाच लॅपटॉप घेतले असते, तर मला इतक्या खात्रीने लिहिता आले नसते.

तक्रार कोणत्या पायावर उभी करावी, येथे सावधगिरी हवी. २०१९च्या अधिनियमातील ‘उत्पादन दायित्व’ (सदोष उत्पादनाने झालेल्या हानीची भरपाई) हे प्रकरण आकर्षक वाटते. पण कलम २(२२)मधील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचे नुकसान आणि व्यापारी वा आर्थिक नुकसान वगळलेले आहे. आपल्या बाबतीत अद्याप चोरी झालेली नाही, कोणाला इजा नाही. त्या वाटेने गेल्यास तक्रार पहिल्याच पायरीवर अडेल. त्याऐवजी कलम २(१०)मधील ‘दोष’ आणि कलम २(११)मधील ‘सेवेतील न्यूनता’ यांवर भर द्या. स्पष्ट वा गर्भित करारानुसार किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार जो दर्जा असायला हवा, त्यात उणीव असणे म्हणजे दोष. आणि तो दोष कंपनीने स्वतःच्या सूचनेत कबूल केला आहे. त्रुटी विक्रीच्या दिवशीच यंत्रात होती, ती उघडकीस नंतर आली, एवढे त्या सूचनेतील आवृत्ती-क्रमांकांवरून दाखवता आले, की ‘वॉरंटी संपली’ या उत्तराचे बळ बरेच कमी होते. सॉफ्टवेअर ‘जसे आहे तसे’ दिले आहे, असे परवान्यात लिहिलेले असते. परवान्यातील ती अट अनुचित करार म्हणून रद्द करून घ्यायची झाल्यास जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते; एवढ्या रकमेसाठी तो खटाटोप करू नये, असे मला वाटते.

प्रथम उत्पादक, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर या तिघांना स्पीड पोस्टाने व ईमेलने नोटीस द्या आणि पंधरा दिवसांत डेटा सुरक्षित ठेवून विनामूल्य दुरुस्ती मागा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. अनेक कंपन्या तेथे उत्तर देतात. त्याने भागले नाही, तर आपण राहता तेथील जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत कलम ६९नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्रुटी कळल्यापासून ती मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका. खरेदीच्या तारखेपासून धरले, तर आपल्या हाती दहा महिने आहेत. मागणी दुरुस्ती, ती बाहेरून करून घ्यावी लागल्यास तिचा खर्च आणि माफक भरपाई एवढीच ठेवा.

राहिला आपल्या अशिलांचा प्रश्न, जो आपण विचारलेला नाही. पासवर्ड आणि बँक खात्यांचे तपशील हे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११च्या नियमांत संवेदनशील वैयक्तिक माहितीत मोडतात, आणि अशी माहिती निष्काळजीपणे हाताळल्यास भरपाई द्यायला लावणाऱ्या त्याच कायद्याच्या कलम ४३अमधील ‘बॉडी कॉर्पोरेट’ या संज्ञेत एकल मालकीचा व्यवसायही येतो. त्रुटी माहीत असूनही काही केले नाही आणि उद्या माहिती फुटली, तर निष्काळजीपणाचा ठपका कंपनीबरोबर आपल्यावरही येऊ शकतो. त्यामुळे पासवर्ड केव्हा बदलले, फाइल कोठे हलवली, याची तारीखवार नोंद ठेवा. नुसती त्रुटी असणे म्हणजे सायबर घटना नव्हे. परंतु कोणी प्रत्यक्ष आत शिरल्याची खूण आढळली, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावे लागते. तशी खूण दिसल्यास लॅपटॉप इंटरनेटपासून तोडा, त्यातले काहीही पुसू नका, आणि ज्या अशिलांची माहिती त्यात होती त्यांना त्याच दिवशी कळवा.