वाचकांचे प्रश्न : कू चीच्या भुयारांत अर्धा दिवस

व्हिएतनामला निघालेल्या वाचकांच्या या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच नाव आहे, हो ची मिन्ह शहराच्या वायव्येची कू चीची युद्धकालीन भुयारं. आधी फ्रेंचांशी आणि मग अमेरिकनांशी लढताना व्हिएतनामी गनिमांनी ती खोदली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : शहरात आमच्याकडे तीनच दिवस आहेत. टूरवाले ‘हाफ डे’ म्हणतात. खरंच दुपारच्या जेवणाला परत येता येतं का? आणि बेन दिन्ह व बेन दुओक अशी दोन नावं दिसतात, त्यातलं कुठलं घ्यावं?

जेवायला परत याल, पण उशिरा. सकाळची टूर साडेसात-आठला निघते आणि दीड-दोनपर्यंत शहरात सोडते. त्यातले तीन ते साडेतीन तास रस्त्यातच जातात, कारण शहरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. वाटेत बऱ्याच गाड्या अपंग कारागिरांच्या कार्यशाळेत थांबतात. रोगणकाम, अंड्याच्या कवचाची नक्षी वगैरे पाहण्यासारखं असतं, पण त्यात अर्धा तास जातो. प्रत्यक्ष भुयारांच्या जागी हाती उरतात दीड ते दोन तास. तेव्हा टूर निवडताना गाडीच्या एसीबद्दल नंतर विचारा, आधी गटात माणसं किती ते विचारा. चाळीस जणांच्या बसमध्ये प्रत्येकाने भुयाराच्या तोंडावरच्या गुप्त झाकणातून डोकं बाहेर काढून अर्ध्या मिनिटात फोटो काढला, तरी त्या एका भोकापाशी वीस मिनिटं गेली. दहा-पंधरा जणांचा गट थोडा महाग पडला तरी घ्यावा.

जागेचं म्हणाल, तर शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरचं बेन दिन्ह अर्ध्या दिवसात नीट बसतं. कार्यक्रमात नुसतं ‘कू ची’ लिहिलं असेल तर बेन दिन्हच समजा. बेन दुओक आणखी पुढे, साधारण ७० किलोमीटरवर आहे. तिथे गर्दी कमी असते, झाडी जास्त आहे, आणि एक स्मारक मंदिर आहे. त्याच्या भिंतींवर युद्धात मेलेल्या ४४ हजारांहून अधिक जणांची नावं कोरलेली आहेत. मात्र तिथे जायचं तर स्वतंत्र गाडी करा आणि ‘अर्धा दिवस’ हा शब्द विसरा.

सकाळ की दुपार? सकाळ, आणि तीही पहिली गाडी. दहानंतर गट एकमेकांच्या पाठीला लागतात. शिवाय मे ते नोव्हेंबर पावसाळा असतो आणि सर बहुधा दुपारीच येते.

प्रश्न : मला लिफ्टमध्येसुद्धा जीव कोंडल्यासारखा होतो. घरचे आत उतरतील तेव्हा मी काय करायचं? एकटं बाहेर उभं राहणं बरं दिसतं का?

खुशाल उभे राहा, निम्मा गट तुमच्यासोबतच असतो. भुयारातून रांगणं ऐच्छिक आहे. बाकीचं सगळं म्हणजे झाकणं, सापळे, खंदक, स्वयंपाकघर हे वरच्या पायवाटेवरून दिसतं.

तरीही ‘थोडं करून पाहू’ असं वाटलं, तर आत नेमकं काय होतं ते समजून घ्या. पर्यटकांसाठीचा भाग साधारण १०० मीटरचा आहे आणि बाहेर पडायच्या वाटा दर वीसेक मीटरवर आहेत. तो मुद्दाम रुंद केलेला आहे. मूळ भुयार जेमतेम ६० ते ७० सेंटिमीटर रुंद आणि ८० ते ९० सेंटिमीटर उंच होतं. रुंदावलेल्या भागातही ताठ उभं राहता येत नाही, उकिडवं बसून बदकासारखं सरकावं लागतं. मंद दिवे असतात, त्यामुळे काळोखाने सहसा कुणी घाबरत नाही. घाबरायला होतं ते पुढचा माणूस फोटोसाठी थांबतो तेव्हा. मागे रांग लागलेली असते, वळायला जागा नसते, आणि दहा अंगांच्या उष्म्याने हवा जड होते. त्यामुळे रांगेच्या मधोमध कधीही जाऊ नका. गाइडच्या लगेच मागे राहा, म्हणजे पुढची वाट मोकळी राहते. नाहीतर सगळ्यांच्या शेवटी जा, म्हणजे उलटं सरकून बाहेर येता येतं. पहिल्याच वाटेने वर यायचं हे उतरण्याआधीच गाइडला सांगून ठेवा.

गुडघ्यांची परीक्षा निघण्यापूर्वी घरीच घ्या. हात न टेकता पूर्ण उकिडवं बसून उठता येत नसेल, तर वीस मीटरसुद्धा भारी पडतील. दमा, हृदयविकार, मणक्याचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर आत उतरूच नये.

आणि भुयार अनुभवायचंच आहे पण वाकायचं नाही, असं असेल तर व्हिएतनाममध्येच दुसरी जागा आहे. क्वांग त्री प्रांतात, उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाममधल्या जुन्या १७व्या अक्षांशाच्या सीमेजवळ, समुद्राकाठी विन्ह मोकची भुयारं आहेत. ती लढण्यासाठी नव्हे, तर बॉम्बहल्ल्यांतून अख्खं गाव वाचवण्यासाठी खोदली होती. तीन मजले, सर्वांत खालचा जमिनीखाली वीस मीटरहून खोल. त्या अंधारात १७ मुलं जन्मली. मध्यम उंचीचा माणूस तिथे बऱ्याच ठिकाणी मान थोडी झुकवून चालू शकतो. ह्युए शहराहून त्यासाठी पूर्ण दिवस काढावा लागतो.

प्रश्न : उंची सहा फूट, वजन ९५ किलो. त्या फोटोतल्या झाकणात अडकेन का?

रुंद केलेल्या भुयारात नाही अडकणार, झाकणात अडकू शकता. आधी पाय सोडायचे, दोन्ही हात डोक्यावर सरळ नेऊन त्यांत झाकण धरायचं, मग गुडघे दुमडत खाली जायचं. हात वर गेले की खांदे आक्रसतात, पण कंबर आक्रसत नाही. कंबर कडेला घासायला लागली की तिथेच थांबा. जाताना वजन मदत करतं, वर येताना तेच आड येतं आणि मग दोघांनी ओढावं लागतं.

प्रश्न : गाइड भराभर पुढे नेतात असं ऐकलंय. मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. बांधणीच्या दृष्टीने नेमकं काय पाहावं?

तुमच्यासाठी रांगण्यापेक्षा वरची पायवाट मोलाची आहे. पहिली गोष्ट माती. इथे जांभा मिसळलेली चिकण माती आहे. पावसाळ्यात ती ओली असते तेव्हा खणायला सोपी, उन्हाळ्यात वाळली की विटेसारखी कडक. म्हणून लांबच लांब भागांना आधाराचे खांब लागलेच नाहीत. खंदकाच्या उभ्या कडेला नख लावून पाहा, लगेच कळेल.

हत्यारं म्हणजे आखूड दांड्याचं कुदळ आणि बांबूची टोपली. खणण्याची रीत अशी की वरून ठरावीक अंतराने विहिरीसारखे खड्डे घ्यायचे, खालून त्यांना आडवं जोडायचं आणि मग बहुतेक खड्डे बुजवायचे. गोची होती निघालेल्या मातीची. ताजा ढिगारा विमानातून दिसला की जागा उघडी पडली. म्हणून ती रातोरात बॉम्बच्या खळग्यांत, शेताच्या बांधांवर किंवा नदीत टाकत.

मजले तीन. वरचा सुमारे ३ मीटरवर, तोफगोळे आणि रणगाड्याचं वजन सोसण्याइतका. मधला ५ ते ६ मीटरवर. सर्वांत खालचा ८ ते १० मीटरवर. कुठलाही भाग फार लांब सरळ जात नाही, सारखी वळणं घेतो. ते दिशा चुकल्यामुळे नव्हे. स्फोटाचा दाब वळणावर मोडतो आणि समोरून झाडलेली गोळी मातीत जाते. काही ठिकाणी भुयार एकदम खाली उतरून पुन्हा वर येतं आणि त्या खोलगट भागात पाणी ठेवलेलं असतं. बेसिनखालच्या वळलेल्या नळीत पाणी राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही, तेच तत्त्व इथे विषारी वायू अडवायला वापरलं आहे.

हवेच्या वाटा वारुळांत लपवलेल्या आहेत. गाइडने दाखवण्याआधी स्वतः शोधायचा प्रयत्न करा, बहुधा सापडत नाहीत. अमेरिकनांच्या माग काढणाऱ्या कुत्र्यांना मात्र त्या सापडायच्या. म्हणून भोकांपाशी आधी मिरपूड-तिखट टाकत, आणि पुढे अमेरिकन साबण व हाती लागलेले गणवेश ठेवत. ओळखीचा वास आला की कुत्रा पुढे जाई.

सर्वांत बारकाईने पाहावं ते स्वयंपाकघर. चुलीचा धूर थेट वर न सोडता जमिनीलगतच्या एकामागून एक अशा चरांतून फिरवतात. चरांवर फांद्या आणि ओलसर मातीचा पातळ थर असतो. धूर वाटेत थंड होतो, विरतो आणि चुलीपासून दूर, धुक्यासारखा जमिनीवर झिरपतो. त्यातही स्वयंपाक पहाटे, म्हणजे खऱ्या धुक्यात हा धूर मिसळून जाई. वरचा थर वाळून भेगाळला की धूर तिथूनच सरळ वर उठणार. त्यामुळे थर ओला ठेवणं हे रोजचं काम. या चुलीला ती बसवणाऱ्या लष्करी आचाऱ्याच्या नावाने ‘होआंग काम चूल’ म्हणतात. ती फ्रेंचांविरुद्धच्या लढाईतली आहे, म्हणजे अमेरिकन येण्याच्या आधीची.

सापळ्यांच्या मांडणीपाशी गर्दी सर्वांत जास्त होते. एक फेरी पुरे, तो वेळ चुलीला द्या.

प्रश्न : तिथे खऱ्या बंदुका चालवायला मिळतात म्हणे. चौदा वर्षांचा मुलगा हट्ट धरून बसलाय.

मिळतात. एके-४७, एम-१६ वगैरे. पैसे गोळीवर मोजतात, पण सुट्या एक-दोन देत नाहीत, सहसा दहाचा गट घ्यावा लागतो आणि तो टूरच्या किमतीत नसतो. बंदूक चौकटीत जखडलेली असते. कानांवर आवरण देतात, ते आधी घाला, मग आत पाऊल टाका. गोळीबार सुरू असला की आवाज पायवाटेवरही येत राहतो, लहान मुलं दचकतात. आमचं मत विचाराल तर दोन तासांतला पाऊण तास रांगेत घालवण्यासारखं त्यात काही नाही. शिवाय ज्या जमिनीत इतकी माणसं मेली तिथे ती हौस जरा विजोड वाटते.

प्रश्न : कपडे, बूट, सामान?

पूर्ण पँट, गडद रंगाची, कारण लाल माती पांढऱ्यावरून सहज निघत नाही. बंद बूट घाला, पावसाळ्यात तळ खाचांचा हवा. डासांचं मलम गाडीतच लावून घ्या. माणशी एक लिटर पाणी न्या. आत मोबाइलच्या उजेडाचा उपयोग नाही, दोन्ही हात जमिनीला लागतात. डोक्याला बांधायची छोटी बॅटरी असेल तर उत्तम. पाठीवरची पिशवी छताला अडकते, ती बाहेर थांबणाऱ्याकडे द्या. मागच्या खिशातला मोबाइल उकिडवं बसताच बाहेर सरकतो, हे शंभरातल्या पन्नास जणांना आत गेल्यावर कळतं. चेन असलेल्या खिशात ठेवा. वटवाघूळ अंगावरून गेलं तर ओरडू नका, रांगेतले सगळे घाबरतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. तिथे काही खाता येईल?

हो. फेरीच्या शेवटी उकडलेला कसावा आणि त्यासोबत भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, तीळ, मीठ-साखर असं देतात, बरोबर चहा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच हा. भुयारातल्या माणसांचं पोट त्यावरच भरत होतं. तुमचं मात्र तेवढ्यावर भागणार नाही, त्यामुळे नाश्ता करून निघा.

प्रश्न : तिथे दाखवतात ती फिल्म आणि गाइडचं बोलणं एकतर्फी असतं का? जाण्याआधी काय माहीत असावं?

फिल्म युद्धाच्या काळातली, कृष्णधवल आणि उघड प्रचाराची आहे. ती तशीच पाहावी. त्याही बाजूचं बोलणं ऐकण्यासारखं आहे, फक्त हाताशी थोडा कालक्रम असू द्या.

खोदाई सुरू झाली १९४०च्या दशकाच्या अखेरीस, फ्रेंचांविरुद्ध. १९६०च्या दशकात जाळं वाढून सुमारे २५० किलोमीटरपर्यंत गेलं. ही सर्व फाट्यांची बेरीज आहे, एकच सलग भुयार नव्हे. जानेवारी १९६६मध्ये ‘क्रिम्प’ मोहिमेत सुमारे ८ हजार अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सैनिक इथे उतरले. तोवर तोंड सापडलं की ते उडवून द्यायचं अशी पद्धत होती. ऑस्ट्रेलियन अभियंत्यांनी आत शिरून नकाशे काढायला सुरुवात केली, तेव्हा खालचा पसारा लक्षात आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या २५व्या पायदळ डिव्हिजनने कू चीत तळ टाकला, आणि तोही अंशतः भुयारांच्याच डोक्यावर. जानेवारी १९६७च्या ‘सीडर फॉल्स’ मोहिमेत सुमारे ३० हजार सैनिक होते. पिस्तूल आणि बॅटरी घेऊन आत रांगणाऱ्या अंगाने लहान सैनिकांना ‘टनेल रॅट’, म्हणजे भुयारातले उंदीर, म्हणत. पुढे अमेरिकेच्या बी-५२ बॉम्बफेकी विमानांच्या मोठ्या बॉम्बनी बरीच भुयारं ढासळली. पायवाटेच्या कडेला दिसणारे मोठे गोल खळगे त्याच बॉम्बहल्ल्यांचे आहेत.

गाइड शौर्याबद्दल भरभरून सांगतो, मलेरियाबद्दल क्वचित. जखमांच्या खालोखाल माणसं मलेरियाने मेली. तुम्ही विचारलंत तर बहुतेक गाइड मोकळेपणाने बोलतात.

प्रश्न : टूर न घेता बसने जाता येईल?

येईल. १३ क्रमांकाच्या बसने कू ची बसस्थानक, तिथून ७९ क्रमांकाची बस. एका बाजूला दोन-अडीच तास धरा, सुटे डोंग (तिथलं चलन) जवळ ठेवा, आणि बसमार्ग बदलतात म्हणून आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या. तिकीट भुयारांच्या दारातच मिळतं आणि आत तिथलेच कर्मचारी गटाने नेतात. पैसे वाचतात, पण अख्खा दिवस जातो.

प्रश्न : त्याच दिवशी युद्ध-अवशेष संग्रहालय जमेल का?

सकाळची टूर असेल तर जमेल. ते साडेसात ते साडेपाच उघडं असतं. परतताना हॉटेलऐवजी तिथेच सोडा असं सकाळी गाडीत बसतानाच सांगा, ऐनवेळी मार्ग बदलत नाहीत. बरोबर लहान मुलं असतील तर ‘एजंट ऑरेंज’च्या (अमेरिकेने युद्धात फवारलेलं विषारी तणनाशक) छायाचित्रांचं दालन आधी मोठ्यांनी पाहून यावं आणि मग मुलांना न्यायचं की नाही ते ठरवावं.