पोर्शे ९११ जीटी३ बुद्ध सर्किटवर (ग्रेटर नोएडाच्या रेसट्रॅकवर) न्यायची आहे, आधी काय बदलू?

पॉवर राहू द्या, आधी ब्रेक ऑइल बदला. बुद्धच्या किलोमीटरभर सरळ पट्ट्यानंतर चौथ्या वळणाला ब्रेकवर जबरदस्त ताण येतो. डॉट ४ या नेहमीच्या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो. हवेतला ओलावा शोषला की १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ धरते आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून ३०० अंशांच्या वरचं रेसिंग ऑइल भरून चारही कॅलिपर (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणारे भाग) ब्लीड करून घ्या, म्हणजे त्यातलं जुनं ऑइल आणि हवा काढून टाका. पॅड डिस्कप्रमाणेच घ्या, सिरॅमिक डिस्कला लोखंडी डिस्कचे पॅड अजिबात लावू नका. टायरमधली हवा पिटमध्ये आल्याआल्या, गरम असतानाच मोजा. ब्रेक थंड व्हावेत म्हणून शेवटची लॅप (फेरी) सावकाश मारा, आणि गाडी उभी केल्यावर पार्किंग ब्रेकऐवजी चाकाला अडसर लावा.