‘मुलगा सिनेमाच्या नादी लागलाय, काय करू?’

लालबागच्या चाळीतल्या एक ताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. मुलगा आठवीत, सहामाहीत गणितात नापास. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला; घर त्यांच्या डब्यांवर चालतं. “मॅडम, शाळा सुटली की हा खालच्या आप्पांकडे. आप्पा थेटरात ऑपरेटर होते, प्रोजेक्टर चालवायचे. जेवायला हाक मारली तरी वर येत नाही. पिक्चरच काढणार म्हणतो. पोरगं वाया जाईल हो!” ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, पण ही काळजी मी अनेक घरांतून ऐकते.

त्यांना आणखी एक धास्ती होती. ती ओठांवर येत नव्हती, म्हणून मीच विचारलं. मुलगा असताना आप्पांचं दार उघडं असतं का? ‘घरी सांगू नकोस’ असं कधी म्हणतात का? तुम्ही अचानक गेलात तर? “मला चहा देतात, बसवून घेतात.” हे प्रश्न प्रत्येक पालकाने विचारावेत. समोरचा माणूस कितीही भला असला तरी त्यात संकोच नको.

मुलगा सुरुवातीला गप्प होता. मग रुमालातून फिल्मचा तुकडा काढून त्याने ट्यूबलाइटसमोर धरला. “बघा, एका चित्राला चार भोकं. फुटात सोळा चित्रं, सेकंदाला चोवीस. म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं आणि वर थोडे सेकंद.” हिशोब तोंडी. गणित त्याला येत होतं. वडील गेल्यापासून वर्गात मन लागत नव्हतं.

मला ‘सिनेमा पॅराडिसो’ आठवला, जुझेप्पे तोर्नातोरेंचा 1988 चा इटालियन चित्रपट. सिसिलीतल्या लहानशा गावातला तोतो, युद्धावर गेलेले वडील परतलेच नाहीत. दुधाचे पैसे तो तिकिटावर उडवतो. आई भर रस्त्यात मारते, तेव्हा ऑपरेटर अल्फ्रेडो ‘थेटरात सापडले’ म्हणत तेवढे पैसे पुढे करतो. तोतोला केबिनमधलं काम शिकवणारा हाच माणूस पुढे त्याला बजावतो, इथे अडकू नकोस, गाव सोड. यासाठी अल्फ्रेडो मला फार मोठा वाटतो. ‘परत येऊ नकोस’ हे मात्र मला कधीच पटलं नाही. त्यापायी आई तीस वर्षं वाट पाहत राहते, आणि वडील गमावलेल्या मुलाला आणखी एक नातं तोडायला का सांगावं?

म्हणून पुढच्या भेटीला तिघांनाही बोलावलं. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आधी ताईंना म्हणाले, “तुमच्या पोराला ऑपरेटर नाही करणार मी. रिळं गेली, ते कामच गेलं.” मग मुलाकडे वळले, “पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकायचं तर पदवी लागते. चौकशी केलीय मी.” आईने दहादा सांगून जे शिरलं नसतं, ते तिथे शिरलं.

आप्पांकडे जाणं बंद करायचं नाही, असं मी ताईंना स्पष्ट सांगितलं. वडिलांबद्दल तो फक्त तिथेच बोलतो. ते दार लावलं तर तो घरातही मिटून जाईल. वेळ ठरली: संध्याकाळी एक तास, आधी गृहपाठ, आठला जेवायला वर. दर रविवारी दुपारी आप्पांच्या टीव्हीवर एक जुना चित्रपट, ताईंसकट. वडिलांच्या दुःखासाठी मुलगा माझ्याकडे येत राहिला.

वार्षिक परीक्षेत गणितात काठावर पास झाला. ताई आता मार्कांपेक्षा रविवारच्या चित्रपटाबद्दलच जास्त बोलतात.