यलोस्टोन तीन रात्रींत, आईबाबांसोबत: काय गाळायचं, कुठे बसून राहायचं

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा तुमचा बेत वाचला. जूनअखेर, सॉल्ट लेक सिटीहून गाडीने, भारतातून आलेले आईबाबा सोबत, बाबांचे गुडघे दुखरे, तिन्ही रात्री वेस्ट यलोस्टोनला, म्हणजे पश्चिमेच्या दारातल्या गावात. आणि एकाच दिवसात ओल्ड फेथफुलचा गरम पाण्याचा फवारा, ग्रँड प्रिझ्मॅटिक हा रंगीत गरम झरा, मॅमथच्या चुनखडीच्या पायऱ्या आणि प्राणी बघायची लमार व्हॅली. जमेल का, असं विचारलंय. गाडी पोचेल हो सगळीकडे, पण आईबाबा मागच्या सीटवर पेंगत असतील.

पार्क जवळपास ९ हजार चौरस किलोमीटरचं आहे. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, एकूण २२८ किलोमीटर, वेगमर्यादा ताशी ४५ मैल. त्यात एखादा बायसन (अमेरिकेतला दांडगा रानबैल) रस्त्याच्या मधोमध चालायला लागला की मागे शंभर गाड्या गोगलगायीच्या गतीने. गूगलने सांगितलेली वेळ सरळ दीडपट धरा.

मी एकच मोठा बदल सुचवेन: तिसरी रात्र गार्डिनरला काढा, म्हणजे उत्तरेच्या दारात. लमारला जायचं ते पहाटे, आणि वेस्ट यलोस्टोनहून तिथे पोचायला दोन तासांहून जास्त लागतात. जूनअखेर सूर्य साडेपाचनंतर लगेच उगवतो. म्हणजे आईबाबांना तीनला उठवणार? गार्डिनरहून तासाभरात पोचाल. शिवाय ते गाव साधारण ५३०० फुटांवर आहे आणि पार्कचा बराच भाग सात-आठ हजार फुटांवर. वयस्कर माणसांना खाली झोप बरी लागते.

पहिला पूर्ण दिवस फक्त गरम पाण्याच्या पट्ट्याला द्या. ओल्ड फेथफुलला सकाळीच जा. सरासरी दीड तासाने फवारा उडतो, पण कधी तासाभरात, कधी पावणेदोन तासांनी. आधीचा फवारा किती वेळ चालला यावरून रेंजर पुढची वेळ काढतात, ती दहा मिनिटं मागेपुढे धरायची. पार्कच्या ॲपमध्येही वेळ दिसते, पण आत नेटवर्क जवळपास नसतंच, म्हणून ॲपमधली माहिती हॉटेलवरच डाऊनलोड करून घ्या. समोर बाकं आहेत, बाबांना तिथे बसवा. आधी नुसते फुसके उसळे येतात, लोक फोन वर करतात, पुन्हा खाली घेतात. मग अचानक पाणी चढतं ते ३० ते ५५ मीटरपर्यंत. हे पाणी मुळात पावसाचं आणि बर्फाचंच. खोल मुरून तापतं, वरच्या पाण्याच्या दाबामुळे उकळबिंदू ओलांडूनही उकळत नाही, आणि अरुंद नळीतून थोडं बाहेर सांडलं की दाब उतरतो आणि बाकीच्याची एकदम वाफ होते. बाबांना हे आधी सांगून ठेवा, वाट बघणं सोपं जातं.

ग्रँड प्रिझ्मॅटिक सकाळी बघू नका. थंड हवेत नुसती वाफ दिसते, रंग दिसत नाहीत, आणि दहानंतर पार्किंगसाठी रांग लागते. संध्याकाळी चारनंतर जा, उजेड नऊपर्यंत असतो. कडेचा केशरी-पिवळा रंग उष्णता सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. याच परिसरातल्या एका झऱ्यात १९६६ साली थॉमस ब्रॉक यांना जो जिवाणू सापडला, त्याच्या एन्झाइमवर पुढे पीसीआर चाचणी उभी राहिली. कोविडमध्ये नाकात काडी घालून घेतलेल्या प्रत्येकाचा या पाण्याशी तेवढा संबंध आहे! लाकडी वाट सपाट आहे, बाबांना जमेल. वरून बघायच्या जागेला चढ आहे, तिथे तुम्ही आईला घेऊन जा. टोप्या मात्र घट्ट धरा. वाऱ्याने उडालेल्या टोप्या झऱ्यात पडलेल्या दिसतील, कुणी काढायला जात नाही.

जाता-येता फाउंटन पेंट पॉट चुकवू नका. छोटी फेरी आहे, आणि तिथला चिखल पिठल्यासारखा रटरटत असतो, आवाजासकट. आईंना बहुतेक हेच सगळ्यांत आवडेल.

एक गोष्ट आईबाबांना नीट बजावा. वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्याची सवय असलेल्या माणसाला गरम कुंड दिसलं की पाय बुडवावासा वाटतो. इथे लाकडी वाटेबाहेर पाऊलच टाकायचं नाही. वरचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी. आजवर वीसहून जास्त माणसं या पाण्यात भाजून दगावली आहेत. बिस्किट बेसिनला जुलै २०२४ मध्ये पाणी-वाफेचा स्फोट होऊन लाकडी वाट उद्ध्वस्त झाली. तो ज्वालामुखीचा उद्रेक नव्हता, त्यामुळे व्हॉट्सॲपवर येणारं ‘यलोस्टोन फुटणार’ मनावर घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊनच निघा: नॉरिसचे गरम झरे धावते बघा, मग कॅन्यन, म्हणजे यलोस्टोन नदीची खोल दरी. आर्टिस्ट पॉइंटवरून ९४ मीटरचा धबधबा थोडक्या चालीत दिसतो. ब्रिंकची, म्हणजे धबधब्याच्या अगदी कड्यापर्यंतची, उतरण बाबांसाठी नाही. तिथून थोडं दक्षिणेला हेडन व्हॅलीत बायसनचे कळप बघा आणि परत फिरून डनरेव्हन घाटाने गार्डिनर.

बायसन संथ दिसतो, पण ताशी ३५ मैल पळतो. यलोस्टोनमध्ये सगळ्यांत जास्त माणसं त्यानेच जखमी केली आहेत, अस्वलांनी नव्हे. २५ यार्ड लांब राहायचं, अस्वल-लांडग्यांपासून १००. शेपूट उभी केली की सेल्फी सोडून गाडीत.

लमारला पहाटे रस्त्याकडेला मोठ्या दुर्बिणी लावून बसलेली मंडळी दिसतील. तिथेच गाडी लावा आणि विचारा, बहुतेक जण आनंदाने बघू देतात. लांडगा साध्या डोळ्यांना ठिपका दिसतो, त्या दुर्बिणीत त्याचे कान हलताना दिसतात. इथले लांडगे माणसांनी १९२६ पर्यंत संपवले होते, १९९५-९६ मध्ये कॅनडातून आणून पुन्हा सोडले. नाही दिसले तरी बायसन आणि हरणासारखे प्रॉन्गहॉर्न दिसतीलच. स्वेटर, कानटोपी घ्या, जूनमध्येही गोठवणारी थंडी असते.

परतताना मॅमथच्या वरच्या टेरेसेस (त्याच चुनखडीच्या पायऱ्या) गाडीतूनच फिरता येतात. त्या दिवशी सॉल्ट लेक गाठायचा हट्ट नको, आयडाहो फॉल्सला मुक्काम करा.

दशम्या, चटणी बरोबर असू द्या, शाकाहारी माणसाचे आत हाल होतात. पिकनिकच्या टेबलावर डबा ठेवून फोटो काढायला मात्र जायचं नाही, अस्वलं येतात. अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांसाठी प्रवेशशुल्काचे नियम २०२६ पासून वेगळे आहेत, ते पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आणि गार्डिनरची खोली आज रात्रीच बघा, तिथे हॉटेलं मोजकीच आहेत.