सॉस घातलेल्या ब्रसेल्स स्प्राउट्समध्ये पोषण किती उरतं?

चिमुकल्या कोबीच्या गड्ड्यांसारख्या या भाजीचं काही बिघडत नाही, वजन वाढवतो तो सॉस. 100 ग्रॅम उकडलेल्या स्प्राउट्समध्ये साधारण 36 कॅलरी, अडीच ग्रॅम फायबर आणि 60 मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी असतं. त्यावर मोठा चमचाभर बटर टाकलं की एकट्या बटरच्याच 100 कॅलरी झाल्या! चीज आणि मैदा वेगळाच. फ्रोझन पाकीट घेत असाल तर सोडियमचा आकडा आधी वाचा, बीपीवाल्यांनी तर नक्कीच.

व्हिटॅमिन केही भरपूर असतं. घरात कुणी वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणूनचं औषध, व्हिटॅमिन के त्याच्या विरुद्ध काम करतं) घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही भाजी एकदम वाढवू नका.

फार उकडलं की सी पाण्यात जातं आणि गंधकाचा उग्र वास सुटतो, म्हणून माझं मत तव्याला. गड्डे मधोमध कापून, कापलेली बाजू खाली ठेवून थोड्या करडईच्या तेलात लालसर होऊ द्या, वरून शेंगदाण्याची चटणी भुरभुरा. भाकरीसोबत मस्त लागतात.

लातूर-नांदेडकडच्या आठवडी बाजारात ते शोधत बसू नका. पत्ताकोबी त्याच कुळातली. तिच्यात सी आणि के कमी, पण ताजी आणि स्वस्त.