माणसाच्या ओळखीबद्दलच्या कल्पनांमुळे समाजाच्या अभ्यासात खरंच फरक पडतो का, की ते फक्त थिअरीच्या पेपरात लिहायचं असतं?

पडतो. थिअरीच्या पेपरात पडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त फॉर्म तयार करताना पडतो. तुमच्या प्रश्नातला तो ‘खरंच’ जरा लागला मला, म्हणून लिहायला बसलेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पीएचडीच्या आधी मी एका प्रोजेक्टवर असिस्टंट होते. काम होतं ‘वीस वाक्यांची चाचणी’ घ्यायची. कून आणि मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५४ साली मांडलेली, तुमच्या सिलॅबसमध्ये असेलच. कागदावर वीस रिकाम्या ओळी आणि वर एकच प्रश्न, मी कोण आहे? मग प्रत्येक उत्तराला कोड द्यायचा, म्हणजे ते कुठल्या प्रकारात मोडतं त्याची खूण. विद्यार्थी, बायको, शिक्षक असं कुणालाही पटकन कळणारं असेल तर एक कोड आणि मी आळशी, मी समाधानी असं अर्थ लावावा लागणारं असेल तर दुसरा. मूळ चाचणी कॉलेजच्या मुलांवर झालेली, त्यांना परीक्षेत ओळी भरायची सवय असतेच, आम्ही मात्र ती घेऊन सगळ्या वयाच्या लोकांकडे गेलो.

एक आजी होत्या, त्यांना लिहिता येत होतं पण म्हणाल्या तू विचार, मी सांगते. मी विचारलं, तुम्ही कोण? तर म्हणाल्या, कुणापुढे? म्हटलं कुणापुढे नाही, असंच, तुमचं तुम्ही. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, पोरांपुढे आई आहे, भावापुढे धाकटी आहे, तुझ्यापुढे आत्ता म्हातारी आहे, पण कुणीच समोर नसेल तर मी कोण हे बघायला सवड कुठे मिळाली. झालं. तीन ओळी भरल्या, सतरा रिकाम्या. मी त्यांचं सगळं बोलणं मार्जिनमध्ये बारीक अक्षरात उतरवून घेतलं.

प्रोजेक्टच्या सरांनी त्या फॉर्मवर ‘अपूर्ण’ असा शेरा मारला. दहापेक्षा कमी उत्तरं असतील तर फॉर्म बाद असा त्यांचाच नियम होता आणि मार्जिनमधल्या मजकुराला कोडबुकात, म्हणजे कोडांच्या यादीत, कोडच नव्हता. असे बरेच फॉर्म बाद झाले आणि गठ्ठा चाळला तर त्यात जास्त करून वयस्क बायका. रिपोर्टमध्ये शेवटी काय आलं, तर लोक स्वतःचं वर्णन मुख्यतः स्वतःच्या गुणदोषांवरून करतात. अहो, जे तसं करत नव्हते त्यांना तुम्हीच बाहेर काढलंत की! माणूस म्हणजे आतून भरलेला एक डबा, झाकण उघडलं की वीस वस्तू निघणार, हे आधीच धरून चाललं की मग उत्तर दुसरं येणार तरी कुठून.

मला खरा राग यायचं कारण वेगळंच आहे. हेच सर वर्गात जॉर्ज हर्बर्ट मीड हा अमेरिकी विचारवंत शिकवायचे, ‘मी’ हा दुसऱ्यांच्या नजरेतून स्वतःकडे बघत बघत घडतो वगैरे, आणि छान शिकवायचे. आजी वेगळं काय बोलल्या? आणि गंमत म्हणजे कूनची चाचणीसुद्धा मीडच्याच विचारातून निघालेली. मीडच्याच विचारातले शिकागोवाले समाजशास्त्रज्ञ ब्लूमर नेमकं ह्यावरच अडून बसले होते की स्व, म्हणजे हा ‘मी’, ही सतत चालू असलेली प्रक्रिया आहे, फॉर्मच्या चौकटीत ती मावत नाही. कून म्हणायचे, मोजता येत नसेल तर त्याचं शास्त्र कसं करणार? म्हणजे माझं आणि सरांचं भांडण आधीच होऊन गेलं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर मीटिंगमध्ये गप्प बसले नसते.

बाकी तुमच्या पेपरला लागणारं थोडक्यात. अमेरिकेच्या जनगणनेत एका माणसाला एकापेक्षा जास्त वंश नोंदवायची मुभा २००० साली मिळाली, म्हणजे त्याआधी मिश्र घरातली माणसं नव्हती असं नाही, रकाना नव्हता. २०१० चा हेनरिक, हाइन आणि नोरेंझायन यांचा लेख बघा, त्यात एक आकडा दिलाय की मानसशास्त्राच्या अभ्यासातले ९६ टक्के नमुने, म्हणजे ज्यांच्यावर अभ्यास झाला ती माणसं, अशा देशांतले ज्यात जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते, आणि निष्कर्ष मात्र ‘माणूस असा असतो’. आणि इयान हॅकिंग हा तत्त्वज्ञ जरूर वाचा. दगडाला तुम्ही काहीही नाव द्या, त्याला फरक पडत नाही. माणसाला लेबल लावलं की ते त्याला कळतं, तो त्याप्रमाणे वागायला लागतो किंवा मुद्दाम उलटा वागतो आणि मग तुमचं लेबलच जुनं होतं.

आता सरांची बाजूही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. कोडच नको म्हटलं तर काहीच मोजता येत नाही. दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये आत्महत्येसारखी अगदी एकट्याची वाटणारी गोष्ट घेऊन गटागटांचे दर ताडून पाहिले म्हणून तर आपल्याला दिसलं की त्यात समाजही आहे, नुसत्या गप्पा मारून ते दिसलं नसतं. शिवाय माझे मार्जिनचे शेरे माझ्याच कानाने ऐकलेले, दुसऱ्या कुणी वेगळं लिहून घेतलं असतं. हे मान्य. पण सर, ‘अपूर्ण’ असा एक वेगळा कोड देऊन ते फॉर्म मोजता आले असते ना? एक कॉलम वाढला असता फक्त.

तुम्ही डिझर्टेशनसाठी फॉर्म बनवणार असाल तर पहिले पाच-सहा तरी अशा माणसांकडून भरून घ्या ज्यांना तुमचा प्रश्नच विचित्र वाटेल, आणि मार्जिन रुंद ठेवा. बाद झालेले फॉर्म रद्दीत जाणार होते, ते मी उचलून आणले. अजून आहेत माझ्याकडे, आजींचा सगळ्यात वर.