झाकणावरची पोर्सेलिनची तबकडी खुळखुळते, काय करावं?

प्रश्न : घरात जुनी फ्रेंच बनावटीची लाकडी दागिन्यांची पेटी आहे. झाकणावर पितळी कड्यात पोर्सेलिनची रंगवलेली लंबगोल तबकडी आहे. ती खुळखुळते. फेविक्विकने चिकटवू का? तबकडीच्या मागे एकमेकांत गुंफलेले दोन 'एल' आणि मध्ये 'एच' दिसतं. ती फ्रान्समधल्या सेव्र या पोर्सेलिन कारखान्याची असेल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फेविक्विक नको, अ‍ॅराल्डाइटही नको. पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगाने फुगतं, हिवाळ्यात आकसतं; पोर्सेलिन मात्र तसूभरही हलत नाही. कडक गोंदाने दोन्ही जखडली, की सगळा ताण तबकडीवर येतो आणि तडा जातो.

खुळखुळण्याचं कारण बहुधा मागची गादी झिजलेली असते किंवा कड्याचे दाते उघडलेले असतात. तबकडी अलगद काढा आणि नखाने टिचकी मारा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर बारीक तडा आहे, तिथेच थांबा. शाबूत असेल तर मागे आम्लरहित टीपकागदाचे तीन-चार तुकडे ठेवा आणि परत बसवा. तबकडीची कड आणि पितळी कडं यांच्यामध्ये साधा कागद सरकला पाहिजे. दाते पक्कडीने वाकवू नका. जुनं पितळ पटकन तुटतं. तुकडे जोडायचेच असतील तर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ हे कृत्रिम राळेचं चिकटद्रव्य वापरतात, कारण ते पुन्हा सोडवता येतं. पण ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

चिंच, पितांबरी, ब्रासो यांपैकी काहीही कड्याला लावू नका. वरचा सोन्याचा मुलामा पातळ असतो, घासला की गेलाच. जेमतेम ओलसर कापसाचा बोळा पुरे.

आता खुणेबद्दल. दोन 'एल' ही सेव्रची खूण आणि मधलं अक्षर वर्ष सांगणारं. ही तारीख-अक्षरं १७५३ मध्ये 'ए'पासून सुरू झाली, त्या हिशेबाने 'एच' म्हणजे १७६०. पण एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसनसारख्या कारखान्यांनी जुन्या खुणांच्या नकला सर्रास केल्या, म्हणून नुसती खूण पुरावा नाही. कडक पोर्सेलिनला लागणारी केओलिन ही पांढरी माती फ्रान्समध्ये लिमोजजवळ १७६८ च्या सुमारास सापडली. त्याआधी सेव्रला ते होतच नव्हतं. तबकडी कडक पोर्सेलिनची निघाली, तर १७६० ची खूण खोटी. चित्र दहा पट भिंगाखाली बघा : ब्रशचे फटकारे दिसतात की छापील ठिपके? ठिपके दिसले तर चित्र हाताने रंगवलेलं नाही, निर्णय लवकर लागला. किमतीचा अंदाज मात्र पत्रावरून देता येणार नाही.

प्रश्न : अशा पेटीत मोत्याची नथ ठेवली तर चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आतलं लाकूड ओकचं असेल तर बंद पेटीत नको. त्यातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सुटते, आणि मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे चमक जाते. नथ मऊ सुती कापडात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवा.